रद्द कार्डांची टोपली

सोमवार, ५ नोव्हेंबर १९९०

हिशेबाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती. वाया कशाला घालवायची, म्हणून आजपासून रोजनिशीला घेतली.

डोंबिवलीची एक खोली सोडून काल टिटवाळ्याला आलो. दुसरा मजला, दोन खोल्या, आणि स्वयंपाकघराला स्वतःची खिडकी! मालू या खोलीतून त्या खोलीत नुसती पळत होती. हे म्हणाले, तुझी सात वर्षांची लेक आज घरातल्या घरात कसाऱ्यापर्यंत चालली असेल. ह्यांची कंपनी आंबिवलीला, एकच स्टेशन. गणपतीचं देऊळ चालत वीस मिनिटं. सकाळी दूध उतू घालवलं, मग देवळात जाऊन दूर्वा वाहिल्या. काही मागितलं नाही. आणखी काय मागायचं?

डबे लावून झाले. माझी पद्धत जुनीच: डब्यावर नाव नाही, नुसता नंबर. कुठल्या नंबरात काय, ते वहीत एकदाच. शेजारच्या विमलाबाई बघायला आल्या नि म्हणाल्या, बाई गं, मीठ हवं असलं तर आधी पोथी काढायची का? खूप हसलो. पाठ मोडून आली आहे, पण आज तक्रार नाही.

शनिवार, १० नोव्हेंबर

तळमजल्यावर डॉ. केळुसकर राहतात. सत्तरीचे, एकटे. मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजात जन्मभर शरीररचना शिकवली. विमलाबाईंनी माझ्या डब्यांची टिंगल त्यांच्यापर्यंत पोचवली, आणि आज ते धापा टाकत जिना चढून डबे बघायला आले! अर्धा तास उभे. मग म्हणाले, वहिनी, तुमच्या मांडणीवर जे आहे ते मला वीस वर्षं जमलेलं नाही.

त्यांच्याकडे चपलांच्या खोक्यांत कार्डं आहेत, पोस्टकार्डाएवढी. माणसाच्या शरीरात जे जे आहे त्याचं एकेक. ते सगळं कॉम्प्युटरात भरायचं आहे. विद्यार्थ्याने विचारावं, ही रक्तवाहिनी कुठकुठे जाते, आणि कॉम्प्युटरने क्षणात सांगावं. कोलशेतला ओळखीच्या ऑफिसात कॉम्प्युटर आहे, तिथली सुमती नावाची मुलगी कार्डं पाहून टाइप करते. अडचण अशी की डॉक्टरांनी प्रत्येक कार्डावर सगळंच लिहिलेलं. दंडाची रक्तवाहिनी तिच्या स्वतःच्या कार्डावर, दंडाच्या कार्डावर, स्नायूच्याही कार्डावर. एकीकडे दुरुस्ती केली की दोन ठिकाणी राहते. आणि फ्लॉपीत जागा थोडी. त्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

मी म्हटलं, जिन्नस एकदाच लिहायचा, बाकी ठिकाणी नुसता त्याचा नंबर. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी पदर सारखा केला.

सोमवारपासून काम सुरू. घरबसल्या. मॅट्रिक झाल्याचा अठरा वर्षांनी उपयोग.

बुधवार, १४ नोव्हेंबर

नंबरांची रीत बसवली. चार आकडे. पहिला जातीचा: हाड १, स्नायू २, रक्तवाहिनी ३, नस म्हणजे मज्जातंतू ४, बाकीचे अवयव ५. दुसरा ठिकाणाचा: डोकं १, मान २, छाती ३, असं खाली पायापर्यंत. मग अनुक्रम. डॉक्टरांनी टाळी वाजवली. म्हणाले, मी कॉलेजात असतो तर तुम्हाला खुर्ची दिली असती.

नावं मात्र जिभेवर बसत नाहीत. मग बाबांची आठवण झाली. बाबा गावच्या देवळात पूजा करीत. पोथीला बसण्यापूर्वी अंगन्यास: नाव घ्यायचं, आपल्या त्या त्या अवयवाला बोट लावायचं, तिथे देव ठेवायचा. मीही तसंच करते. कार्ड वाचायचं, त्या जागी बोट ठेवायचं, मग नंबर द्यायचा. पण माझा हात माझ्याच पाठीला पोचत नाही, आणि मी डावरी, त्या हातात लेखणी. म्हणून मालूला जवळ निजवते. तिची शाळा सकाळची, दुपारी रिकामीच असते. तिला हा खेळ वाटतो. म्हणाली, आई, माझ्यात केवढं सामान आहे गं!

बाबा म्हणायचे, न्यास आपल्याच अंगावर करावा, दुसऱ्याच्या नाही. ज्याच्या अंगावर ठेवलं त्याचं ते होतं. पण हा काही न्यास नव्हे. पाठांतर आहे.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, नैवेद्य झाला, मग कार्डं. हाडं, स्नायू, रक्तवाहिन्या, अवयव, मिळून चौदाशे पूर्ण. मान दुखते, डोळ्यांपुढे अक्षरं पोहतात. पण प्रत्येक कार्ड मालूच्या अंगाला लावून झालं. एकही चुकवलं नाही.

एक गंमत. दुपारी उजव्या अंगठ्याच्या नखाच्या कार्डावर शाईचा थेंब पडला. संध्याकाळी मालूचं उजव्या अंगठ्याचं नख निळंजांभळं. मी विचारलं तर म्हणते दुखत नाही. ह्यांचं म्हणणं, दारात सापडलं असेल. असेल.

डॉक्टर कोलशेतहून हिरमुसून आले. फ्लॉपी भरत आली आणि नसांची खोकी तर अजून उघडायचीच आहेत. मी सुचवलं, माणसाचं डावं उजवं सारखंच असतं ना? मग दोनदा कशाला लिहायचं? उजवं ठेवायचं, डावं रद्द. उजव्याच्या कार्डावर एक ओळ: डावे उजव्यासारखेच. डावंच का रद्द, असं त्यांनी विचारलं नाही. मी लहानपणी डाव्या हाताने जेवायला घेतलं की आई हातावर पळी मारायची. मलाही स्वतःला विचारायची गरज वाटली नाही.

डॉक्टर म्हणाले, झकास. फक्त जी एकेकटी आहेत ती वगळा: हृदय, यकृत, प्लीहा, जठर. मी म्हटलं, ते मला कळतं.

मंगळवार, २७ नोव्हेंबर

चार दिवस फुल्या मारल्या. कार्डाच्या सुरुवातीला ‘डावा’, ‘डावी’, ‘डावे’ दिसलं की फुली. शेवटी शेवटी डोळे मिटत होते, हात आपला चालत होता. एकूण चारशे बारा. रद्द नंबरांची यादी या वहीत शेवटच्या पानांवर उतरवली आहे, सवयच ती. त्याच यादीची नक्कल डॉक्टरांनी सुमतीकडे नेली.

रद्द कार्डं फेकून द्या म्हणाले. एवढा जाड कागद! टपात मेथीदाणे घालून भिजवला, पाट्यावर लगदा वाटला, पातेलं उपडं घालून त्यावर थापला. सुरेख टोपली होईल, कांदे-बटाट्यांना. विमलाबाई डोकावल्या नि म्हणाल्या, कलावतीबाई, अहो अर्धा माणूस पाट्यावर वाटलात की! आम्ही हसलो. मला तेवढं हसू आलं नाही, दमले होते म्हणून असेल.

सोमवार, ३ डिसेंबर

मालूच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली. मालू वर्गात लक्ष देत नाही, हाक मारली तर ओ देत नाही. मी तिला समोर उभी केली. उजवीकडून हळू बोलले तरी ऐकते. डावीकडून ताट वाजवलं तरी मान वळत नाही.

सर्दी असेल. लसणाचं तेल घातलं.

जेवताना बघितलं, तिने पोळीचा उजवा अर्धा भाग खाल्ला आणि म्हणाली, वाढ ना अजून. मी म्हटलं, ताटात आहे की. ती म्हणाली, कुठे? मी ताट अर्धं फिरवलं. तेव्हा आनंदाने खायला लागली.

टोपली अजून वाळत नाही. सहा दिवस गॅलरीत कडक उन्हात आहे.

शुक्रवार, ७ डिसेंबर

स्टेशनाजवळच्या दवाखान्यात नेली. तिथले डॉक्टर तरुण आहेत, नीट तपासलं. कान साफ, डोळे ठीक, अंगात ताप नाही. म्हणाले, मुलांना नवीन घर मानवायला वेळ लागतो. छाती तपासताना मात्र त्यांनी नळी दोनदा झटकली आणि पुन्हा लावली. टॉनिक दिलं.

घरी आल्यावर चपला बघितल्या. दिवाळीच्या चपला. उजवीचा तळ झिजलाय. डावी नवीकोरी.

मालूला म्हटलं, पायाची बोटं मोज बघू. एक, दोन, तीन, चार, पाच. थांबली. पुढे, मी म्हटलं. पुढे काय, ती म्हणाली, संपली की.

हे म्हणतात, मुलगी तुझी नक्कल करतेय, तू नाही का जेवताना डाव्या हाताला मांडीखाली दाबून बसत. आणि तूच आता हे काम बंद कर, डोळे बघ तुझे, खोल गेलेत.

मंगळवार, ११ डिसेंबर

आज शांतपणे विचारलं. मालू, तुझा डावा हात कुठे आहे?

तिने वर बघितलं नाही, चित्र काढत होती. म्हणाली, डावे उजव्यासारखेच.

असं कोण बोलतं? सात वर्षांचं पोर असं बोलत नाही. ती कार्डं तिने वाचलेली नाहीत, माझ्या जोडाक्षरांची गिचमिड तिला लागतच नाही. मी हात धरला, हा, हा कुणाचा? थंड होता. तिने त्याच्याकडे असं पाहिलं जसं शेजारणीचं भांडं आपल्या घरी राहिलंय.

चित्र मालूचंच होतं. एक डोळा, एक कान, एक वेणी, एक पाय. उभी रेघ मारून सोडून दिलेलं.

टोपलीला हात लावला. चौदा दिवस झाले. ओलसर आहे. आणि कोमट. सावलीत ठेवली तरी कोमट.

शनिवार, १५ डिसेंबर

कळलं मला. कार्डाचं जे होतं ते मालूचं होतं. अंगठ्याचं नख निळं झालं तेव्हाच कळायला हवं होतं.

डॉक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं, न्यासाचंही. ते हसले, वाईट हसले नाहीत, मायेनेच. म्हणाले, वहिनी, शरीर ते शरीर आणि कार्ड ते कार्ड. चाळीस वर्षं मी प्रेतं फाडली, एकदाही कुणाचं काही माझ्या वहीला चिकटून आलं नाही. तुम्ही आठ दिवस झोपा.

मी म्हटलं, मग ते डावे नंबर परत घ्या, तेवढं तरी करा. तर म्हणाले, जागाच नाही. पुढच्या शनिवारी दुपारी बाराला सुमती फ्लॉपी पॅक करणार आहे. म्हणजे काय, मी विचारलं. म्हणाले, आत्ता रद्द नोंदींवर नुसती खूण आहे, त्या आत आहेतच. पॅक म्हटलं की कायमच्या जातात, खालच्या वर सरकतात, जागा मोकळी. मग नसा बसतील. वीस वर्षं, वहिनी. माझ्या हयातीत बसतील.

त्यांना दिसत नाही. मालू दारात माझा पदर धरून उभी होती, एका पायावर तोल सावरत. त्यांना ती दिसलीच नाही.

कार्डं पुन्हा लिहून चालणार नाही. मी लिहून पाहिलं. डाव्या कानाचं कार्ड लिहिलं, तिच्या कानाला बोट लावलं. काही नाही. मालूच्या अंगाला लावली होती ती मूळ कार्डं टोपलीत आहेत.

मंगळवार, १८ डिसेंबर

एकटीच कोलशेतला गेले. ठाण्याहून बस, मग कारखान्यांच्या भिंतीभिंतीने चालत. सुमती चांगली मुलगी आहे. पाणी दिलं, पडद्यावर दाखवलं. ओळीच ओळी. रद्द नोंदीपुढे एक चांदणी. पान सरकवत गेली आणि चांदण्याच चांदण्या. मी हात जोडले, म्हटलं या चांदण्या पुसून टाक गं बाई. ती म्हणाली, काकू, सरांच्या सहीशिवाय नाही हो जमत, माझी नोकरी जाईल. फ्लॉपी मोडून टाकावी असं मनात आलं. हातही गेला. पण त्यात उजवंही आहे.

तिनेच विचारलं, काकू, तुम्ही यादीत ५३०७ मुद्दाम घातलाय का? मला जरा वेगळा वाटला. मी नवीन आहे, मला काय कळतं, म्हणून नाही बोलले.

मी म्हटलं, घरी जाऊन वही बघते.

ट्रेनमध्ये डोळे मिटून बसले. बघायची गरज नव्हती. पाच म्हणजे अवयव. तीन म्हणजे छाती.

गुरुवार, २० डिसेंबर

५३०७. हृदयाचा डावा खालचा कप्पा.

हृदय एकटं म्हणून वगळलं होतं. पण त्याच्या कप्प्यांची कार्डं वेगळी होती, आणि या एकाची सुरुवातच ‘डावा’ने होती. माझ्या हाताने फुली. डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले, अरेच्चा, ही चूक खरी. नसा भरून झाल्या की तेवढी एक नोंद नव्याने घालू. नव्याने!

तोच कप्पा तर रक्त सगळीकडे लोटतो. त्यांच्याच कार्डावर लिहिलं होतं.

मालू जिना चढताना बसते. ओठ राखाडी. मी छातीला कान लावला. ठोका — मग बराच वेळ काही नाही — मग ठोका.

हे हॉस्पिटलात नेऊ म्हणाले. कल्याणला नेलं. काही सापडत नाही म्हणाले. सोमवारी परत या.

सोमवारी.

शुक्रवार, २१ डिसेंबर

गणपतीला गेले. आज मागितलं. उत्तर बाबांचं आठवलं. ज्याच्या अंगावर ठेवलं त्याचं ते होतं.

मग माझ्या अंगावर ठेवीन, जाईल ते माझं जाईल.

एकच पाहून घेतलं, खरं का ते. टोपली मांडीवर घेतली, यादीतला डाव्या करंगळीचा नंबर म्हटला, माझ्या डाव्या करंगळीला बोट लावलं. मालू ओरडली, आई, इथे काहीतरी चावलं! आणि तिने डावी करंगळी तोंडात घातली. आपली म्हणून.

माझी करंगळी आहे. दिसते. पण —

चारशे अकरा राहिले. उद्या ह्यांची पहिली पाळी. मालूला शाळेत पाठवायची नाही.

शनिवार, २२ डिसेंबर

सकाळी आठ. देवापुढे दिवा लावला. मालू समोर पाटावर. टोपली मांडीवर, वही शेजारी. हाडांपासून सुरुवात.

साडेनऊ. हाडं झाली. ही ओळ उजव्या हाताने लिहितेय. डाव्यातून लेखणी पडली, उचलायला गेले तर कुठे पडली ते — अक्षर वाकडं येतंय. मालूने डाव्या पायात चप्पल घातली! स्वतः!

साडेदहा. स्नायू झाले. भिंतीला टेकून बसलेय. मालू विचारते, आई तू अशी का कललीस. गंमत म्हटलं.

अकरा. रक्तवाहिन्या. आता अवयव. डोळा झाला. खिडकी अर्धीच आहे. कान झाला. मालू माझ्या — कुठल्या तरी बाजूला — बसून गाणं म्हणते, मला ऐकू येत नाही, ती समोर आली की येतं. किती छान म्हणते.

तीनदा विमलाबाईंनी दार वाजवलं म्हणे. मालू म्हणाली.

ह्यांच्यासाठी. तांदूळ तीन नंबर. तूरडाळ चार. मालूचं टॉनिक फळीवर, आता नको. गुरुवारचा घट राहिलाय तो नदीत सोडायचा. मालूला डाव्या हाताने जेवावंसं वाटलं तर मारू नका. टोपली कुणी वापरू नका.

पावणेबारा. फुप्फुस. दम —

एकच राहिलं. ५३०७. मुद्दाम शेवटी ठेवलं. यादी पूर्ण जुळली, चारशे बारा, एकही चुकवलं नाही. मालूला विमलाबाईंकडे पाठवते. गेली. धावत गेली, जिन्यात दोन्ही पायांचा आवाज —

आंबिवलीच्या कंपनीचा बाराचा भोंगा अजून नाही, फ्लॉपी पॅक व्हायची आहे. हात छातीवर ठेवला. नंबर म्हटला.

टोपली गार झाली. वाळली. हलकी.

भीती नाही वाटत. थकवा आहे. माझं डावं कुठे म्हणून शोधते आणि मला आता आठवतं ते एवढंच, डावे उजव्यासारखेच, पाहा